मिल चाळीकडचे बगिच्याचे फाटक

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद, वेणापूर, जि. वर्धा

विषय : बगिच्याचे मिल चाळीकडील फाटक उघडण्याबाबत व चौकीदार नत्थूजी यांस कामावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज. पैकी एकास उत्तर मिळाले.

महोदय,

अर्जदार आनंदाबाई उरकुडे पुन्हा एकदा आपणास त्रास देत आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. त्यांचे यजमान रूपराव मिलमध्ये रुई पिंजण्याच्या खात्यात होते. मिल बंद पडली, पण रुईची धूळ त्यांच्या छातीतून निघाली नाही. डॉक्टरांनी सांगितले, सकाळी झाडाखाली बसवत जा. बगिचा चाळीसमोरच आहे. फाटकाला मात्र दोन वर्षांपासून कुलूप आहे.

कार्यालयाने कळविले की, मिल बंद झाल्याने चाळीतील वस्ती घटली असून एवढ्या थोड्या लोकांसाठी दुसरे फाटक चालू ठेवणे परवडत नाही. सिव्हिल लाइनकडील फाटकाने यावे. ते फाटक रेल्वेच्या पुलापलीकडे आहे. अर्जदाराने यजमानांना एकदा तिकडे नेले. पुलाच्या पायऱ्यांवरच ते खाली बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये. मले सांगजो, झाडं कशी हायेत ते." अर्जदार त्यांना घेऊन परत आल्या.

ज्यांना काम करता येत होते ते गाव सोडून गेले. राहिले ते म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बाया. ज्यांना सावली जवळ लागते तेच मागे उरले आहेत, ही गोष्ट कार्यालयाच्या ध्यानात आली नसावी.

गेल्या सोमवारी यजमानांना फार धाप लागली. अर्जदार त्यांना धरून फाटकाशी उभ्या राहिल्या. नत्थूजी आतून म्हणाला, "काकू, मले हुकूम नाई." अर्जदार यजमानांना सावरीत तिथेच थांबल्या. नत्थूजीने थोडा वेळ रूपरावांकडे पाहिले आणि कुलूप काढले. यजमान कडुनिंबाला पाठ टेकून बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना बसल्या बसल्या झोप लागली. ते पाहून शेजारच्या मंदाबाई नातीला घेऊन आत आल्या, मागोमाग आणखी बाया आल्या. हे नगरपरिषदेच्या निरीक्षक साहेबांनी पाहिले व दुसऱ्या दिवशी नत्थूजीला घरी बसविले.

नत्थूजी म्हणतो, "तुमी मनाले लावून घेऊ नका, काकू." पण ते लागले आहे. कुलूप त्याने काढले, तरी दाराशी जाऊन अर्जदार उभ्या राहिल्या होत्या. शिक्षा द्यायचीच तर ती अर्जदारास द्यावी. नत्थूजी आता बिऱ्हाड घेऊन नागपूरला जायच्या बेतात आहे. तो गेला की चाळीतील आणखी एक घर कमी होईल, आणि फाटक बंद ठेवायला कार्यालयाला आणखी एक कारण मिळेल.

तरी नत्थूजीस कामावर घ्यावे व फाटक निदान सकाळी उघडावे. बाकडी नकोत, दिवे नकोत. झाडलोट चाळीतल्या बाया पाळीपाळीने करतील.

उत्तर लवकर द्यावे. अर्जदार वाट पाहू शकतात. यजमानांचे सांगता येत नाही.

आपली नम्र अर्जदार,
आनंदाबाई रूपराव उरकुडे
मिल चाळ, वेणापूर
दि. ९ एप्रिल १९८७

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी