शिट्टी ताईच्या गळ्यात होती

सेंत-मार्त, १३ फेब्रुवारी १९६१

ति. सोलांजताईस, सा. न. वि. वि. विनंती कसली, जाबच विचारतोय.

काल बर्फातल्या फेरीत ऐन चढावर मी वाट सोडून बाजूला झालो, रांग समोरून पुढे गेली आणि तीत ओदील नव्हती. त्या क्षणी माझं सगळं पालटलं. फाबियाँदादाही नव्हता.

पुढच्यानं ताजा बर्फ तुडवायचा, दमला की सगळ्यांना जाऊ देऊन रांगेत मागे लागायचं, हा आपला नियम. माझी पाळी झाली होती. दादा पाठीवर थाप मारून म्हणाला, की बैला, दम आहे तुझ्यात, माझीही पाळी तूच घे. ओदील हसली. ती हसली म्हणून घेतली.

शेवटी तू होतीस. विचारलं तर म्हणालीस, की बर्फात पाय रुतू नये म्हणून घालतो त्या तिच्या बर्फजोड्याचा पट्टा तुटलाय, फाबियाँ बांधतोय, तू चल. ताई, तो पट्टा शनिवारीच मी नवा घातला होता. तो तुटायचा नाही. म्हणून मागे फिरलो. दोघांचे ठसे आपल्या मेपलचा पाक उकळायच्या खोपटाकडे वळलेले. मार्चपर्यंत बंद असतं ते, आणि धुराड्यातून धूर! खिडकीतून पाहिलं. तिचे मोजे शेगडीपाशी वाळत होते, पाय दादाच्या मांडीवर.

कुणी रांग सोडली तर शेवटच्यानं शिट्टी वाजवायची. शिट्टी तुझ्या गळ्यात होती. रात्री दादानं वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं. तुला माहीत नव्हतं, एवढंच लिही. मी मानीन. या घरात राहायला एक तरी माणूस माझं हवंय.

तुझा,
ऑरेल

क्वेबेक, १७ फेब्रुवारी

चि. ऑरेल यास अनेक आशीर्वाद.

लुसीला दुसरा दात आला. मामाला चावायची वाट बघतेय.

खोटं लिहवेना. नाताळपासून मला ठाऊक आहे. ओदीलनंच रडत सांगितलं. ईस्टरनंतर दोघांचं लग्न आहे, आईबाबांनाही ठाऊक आहे. तू असा भडक माथ्याचा. पोराला आधी कॉलेजात परत जाऊ दे, मग सांगू, असं सगळ्यांनी ठरवलं. शिट्टी मी मुठीत दाबून धरली होती रे. आणि वेड्या, तिच्यापायी कॉलेज सोडलंस, तिनं सांगितलं होतं का? इकडे ये. तुझे भावोजी कॉलेजच्या फादरांशी बोलतील. रागाव, पण माया तोडू नकोस.

तुझी,
सोलांजताई

सेंत-मार्त, २० फेब्रुवारी

ति. ताईस नमस्कार.

आशीर्वाद पोचले. म्हणजे सूप वाढणाऱ्या आईलाही ठाऊक होतं. मला पुढे घालून अख्खी रांग मागे गप्प, आणि मी आपला बर्फ तुडवतोय!

कॉलेज सोडायला तिनं सांगितलं नव्हतं, खरंय. ते खूळ माझं. पण शिट्टी तुझी होती.

मला कळलंय हे घरात सांगून टाकलं. आता लपवाछपवी संपली, त्यामुळे ओदील इथेच आहे. आई तिच्या लग्नाच्या झग्याचं माप घेतेय. दादा म्हणाला, की बैला, तोंड का पाडलंस, ये, जेव. मी उत्तरेला लाकूडतोडीच्या छावणीत चाललोय. तू विणलेला लाल कमरपट्टा खुंटीवर ठेवलाय, नवरदेवाला होईल.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. असला तर राहू दे तुझ्यापाशी.

हे दारात उभ्यानंच लिहितोय. पाकीट वाटेत टपालात टाकीन. आई आतूनच सांगतेय, की जातोस तर दार नीट ओढून घे, गारठा येतो. घेतो ओढून.

ऑरेल