दारातल्या बाईचा चेहरा

नॉरिच,
५ मार्च १९३९

प्रिय विनी,

तुझा खोकला आता कमी असेल. इकडे थंडी हटत नाही, कोळसा पुरत नाही, पेपरातली सिरिलची व्यंगचित्रं मात्र जोरात आहेत. नाझींपासून वाचवून व्हिएन्नाहून आणलेल्या ज्यू मुलांना घरात घ्या, असं तो दर आठवड्याला काढतो. निम्मे वाचक शिव्या घालतात, निम्मे रडतात.

पत्राचं कारण असं की, त्या मुलांपैकी आमच्याकडे आलेल्या लोटेला ईस्टरपासून तू ठेवून घेशील का? तुझ्याकडे बाग आहे. नऊ वर्षांच्या मुलीला मोकळी हवा हवी.

तिचा त्रास काहीच नाही. ताटातलं सगळं संपवते, अंथरूण स्वतः घालते. पण तिला इंग्रजी येत नाही आणि आम्हाला जर्मन, म्हणून ती आणि सिरिल कागदावर चित्रं काढून बोलतात. जेवणाच्या टेबलावर दोघांची डोकी एकत्र आणि खिदळणं सुरू. काय झालं विचारलं, तर सिरिल म्हणतो, "सांगून मजा नाही गं." लग्नाआधी असे कागद तो मला पाठवायचा. आता फक्त चहा मागतो.

तुला माहीतच आहे, आपला देश म्हणून तो जी ब्रिटानिया काढतो, तिचा चेहरा माझा असतो. डोक्यावर शिरस्त्राण म्हणून पातेलं आणि हातात त्रिशूळ म्हणून टोस्ट भाजायचा काटा घेऊन मी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभी राहिले आहे. या वेळी ब्रिटानिया दार उघडून मुलांना आत घेणार होती. मी हात पसरले, समोर लोटे. सिरिल नुसता खोडत बसला. मग म्हणाला, "म्युरिएल, आत घेणारी बाई हवी. तू भाडं मागायला आल्यासारखी दिसतेस." आणि त्याने शेजारच्या मिसेस पार्ट्रिजला बोलावलं. शुक्रवारच्या अंकात माझ्या पातेल्याखाली तिचा चेहरा. ते चित्र पाहून खाटकाने तिला रांगेत पुढे घेतलं म्हणे.

विनी, बागेचं सोड. मी त्या पोरीवर जळते. एवढ्याशा पोरीवर, जिची आई तिकडेच राहिली आहे.

मघाशी सिरिलला माझा बेत सांगितला. तो भांडला नाही. "तिला तूच सांग," म्हणाला आणि बाहेर गेला. मला कुठे चित्र येतं? तरी कशीबशी एक आगगाडी काढली, गाडीत एक मुलगी आणि पुढे तुझं घर. लोटे बघत राहिली. मग तिने पेन्सिल ओढून घेतली आणि घराच्या खिडकीत एक बाई काढली. केस तिच्या उशाशी असलेल्या फोटोतल्या आईसारखे. पळत जाऊन कोट घालून आली आणि माझ्या गळ्यात पडली. पहिल्यांदाच. कितीतरी वेळ सोडेना.

ती अजून कोट घालून माझ्याशेजारी बसली आहे. माझा हात धरलाय, म्हणून अक्षर असं आलंय. तू खोली आवरू नकोस, ती इथेच राहील. पण गाडी आईकडे जाणार नाही, हे आता तिला मलाच सांगायचं आहे. सिरिलला मी सांगू देणार नाही.

जिला दुसरीच्या वाट्याची मिठी मिळाली, आणि जी आता त्या दुसरीवरही जळते,
ती तुझी बहीण
म्युरिएल