समोरचं पार्लर

आई, तुला कबड्डीतलं फारसं कळत नव्हतं आणि व्हिडिओ गेममधलं तर त्याहून कमी, तरी खडकी बाजारात तू काही वर्षं गेम पार्लर चालवलंस. म्हणून माझ्या कामातली अडचण तुलाच सांगावीशी वाटते. ऑफिसात सांगण्यासारखी ती नाही, आणि बाबांना सांगितली तर ते आधी पगार विचारतील.

तू गेलीस तेव्हा मी लोणी काळभोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आता कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये काम करते. आम्ही मोजकेच लोक आहोत आणि आमचा कबड्डीचा गेम आहे. त्यातली पकड मी लिहिली आहे. म्हणजे चढाई करणारा आत आला की हातात हात धरलेली बचावाची साखळी कशी वळेल, कोणाचा पाय आधी सरकेल, दम संपत आला की अंग किती जड होईल, हे सगळं. बाजारात असाच दुसरा गेम आहे, एका मोठ्या कंपनीचा. आजवर लीगची परवानगी दोघांनाही होती. खेळाडूंची खरी नावं, चेहरे, संघांच्या जर्सी दोन्ही गेममध्ये असायच्या. यंदा लीगने ते हक्क त्या एकाच कंपनीला दिले. पुढची काही वर्षं ते दुसऱ्या कोणाला मिळणार नाहीत. यात बेकायदा काही नाही. लीगला जास्त पैसे मिळाले, त्यातले थोडे खेळाडूंपर्यंत पोचतीलही. आम्हाला फक्त कळवण्यात आलं की नावं काढा. ती मीच काढली. ज्याचा डावा पाय जमिनीवर कसा पडतो हे मी महिनाभर बघत बसले होते, तो आता ‘चढाईपटू सात’ आहे. चेहरा सपाट केला, केस बदलले. खेळतो तसाच, पण लोक विचारतात हा कोण, आणि दुसऱ्या गेमकडे जातात. दिवाळीनंतर आमचा फ्लॅट चालू असेल की नाही, कोणी बोलत नाही. आणि मागच्या महिन्यात त्या मोठ्या कंपनीने मला बोलावलं. त्यांना माझी पकड हवी होती.

तेव्हा मला तुझं पार्लर आठवलं. क्वार्टर्समधल्या मुलांचे कपडे शिवता शिवता तू कंटाळलीस आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली भाड्याने घेतलीस. चार टीव्ही, चार मशीन. रस्त्याच्या पलीकडे चाचांचं पार्लर, तुझ्याही आधीचं. त्यांचं घराणं खडकीत कधीपासून आहे हे त्यांनाही सांगता येत नसे. शाळेतून मी थेट पार्लरमध्ये येते, तर तू स्टुलावर चढून पंखा पुसते आहेस आणि चाचा पलीकडून ओरडतायत, “काय वहिनी, नवा पंखा?” तू मागे न बघता म्हणतेस, “तुमच्याकडून येणारी गिऱ्हाईकं घामाघूम असतात हो, म्हणून बसवला.” दुसऱ्या दिवशी चाचांकडे माठ येतो, त्यावर पाटी, थंड पाणी फुकट. मग तू कंट्रोलर रोज स्पिरिटने पुसायला लागतेस. त्यांच्याकडे फुटबॉलचा एक गेम होता, तुझ्याकडे दुसरा. त्यांच्या गेममध्ये खेळाडूंची नावं खोटी होती, पण चेंडू खरा वाटायचा. मुलं दोन्हीकडे खेळायची आणि रस्त्याच्या मध्यावर उभं राहून भांडायची.

मग शनिवार पेठेतून माल पुरवणारा तो माणूस आला. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, “ताई, यंदाचा नवा गेम खडकीत फक्त तुमच्याकडे. समोर देणार नाही, शब्द देतो. फक्त बाकी सगळा माल माझ्याकडूनच घ्यायचा.” तू लगेच हो म्हणालीस. घरी बाबांनी कारण विचारलं, तेव्हा तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, “रोज सकाळी शटर उघडलं की आधी समोर बघायचं, आज त्यांनी काय केलंय. मला आता बघायचं नाहीये.” मला त्यात आजवर लोभ दिसलेला नाही. थकलेल्या माणसाला कोणी दार लावून देत असेल, तर तो उठून उघडत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत सगळी मुलं आपल्याकडे आली. चाचा शेवटचं हसून म्हणाले, “आता पंखा बंद करा वहिनी, लाइटबिल वाचेल.” आणि तू खरंच बंद केलास. मी विचारलं, आई, पंखा का नाही? तू म्हणालीस, “जातायत कुठे?” एका कंट्रोलरची कांडी सैल झाली होती, ती पुढे कित्येक महिने तशीच राहिली. मुलं निमूट खेळायची. भांडायची नाहीत. मग हळूहळू यायचीही कमी झाली. एका दुपारी तू नव्या गेमची डिस्क पिशवीत घातलीस आणि रस्ता ओलांडलास. मी मागे होते. म्हणालीस, “हे घ्या, तुम्हीही लावा. त्या माणसाचं मी बघते.” चाचा मोबाइलची कव्हरं खिळ्यांना लावत होते. म्हणाले, “मशीन गेली वहिनी. मागच्या जुम्म्यालाच.” त्यांनी आपल्याला चहा पाजला. परत येऊन तू बाकावर बसलीस, समोर कव्हरांकडे बघत, आणि म्हणालीस, “आता केरसुद्धा काढावासा वाटत नाही गं.”

त्या कंपनीचं ऑफिस खराडीत आहे. माणसं चांगली होती, माझ्यापेक्षा हुशारही. त्यांच्या गेममध्ये साखळी मध्येच सुटते, हात हातातून आरपार जातो. दोष कुठे आहे ते मला बघताक्षणी कळलं. मी विचारलं, हे कधी दुरुस्त करायचं? तिथला प्रमुख सहज म्हणाला, “अहो, ते पुढच्या वर्षी बघू. यंदा घाई नाही. लोक जाणार कुठे?” तो वाईट माणूस नव्हता. मला त्याचा रागही आला नाही. तो दमलेला दिसत होता, मागची काही वर्षं तोही आमच्याकडेच बघत बसला असणार.

मी नकार दिला. आम्ही नावांशिवायच पुढची आवृत्ती काढतोय, पकड आणखी सुधारून. ती चालेल असं मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण मला तसं माहीत नाही. एवढं मात्र आहे की त्यांच्यासमोर निदान कोणीतरी असेल.

हे मी कोणाला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट राहिली आहे. नाही म्हणायचं हे त्यांच्या लिफ्टमधून खाली येतानाच ठरलं होतं. कळवलं मात्र आठवड्याने. विचार करते, असं सांगितलं होतं. विचार काही करत नव्हते. त्यांनी मला बघायला त्यांचा नवा गेम दिला होता आणि त्यात आमचा ‘चढाईपटू सात’ होता, त्याच्या खऱ्या चेहऱ्यासकट. पकड भिकार होती, पण तो चढाईला निघाला की निवेदक त्याचं नाव घ्यायचा आणि सगळं मैदान उठायचं. आठवडाभर घरी आल्यावर मी तेवढं ऐकायला खेळत होते.