मचाणावरचं समालोचन

यवतमाळ,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप नागोरावमामांना,

प्रियंकाचा गुडघा न वाकवता नमस्कार. (वाकत नाही म्हणून. टीव्हीवर जाऊन भाचीला माज आला, असा अर्थ मामींनी काढू नये.)

तुमची कंबर कशी आहे? तीस वर्षं दिग्रस-पुसद रस्त्यावर एसटी चालवल्यावर माणसाला कंबर उरते हेच नवल, तेव्हा दुखते म्हणजे जागेवर आहे असं समजून समाधान मानावं. मामींची साखर उतरली का? त्यांना सांगा, चहात साखर न घालता चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली तर साखर उतरत नाही. फोनवर हे सगळं विचारता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, मग मामी बोलतात, मग शेजारच्या रुपीबाई बोलतात, आणि माझं म्हणणं मनात राहून रिचार्ज संपतो. म्हणून हे पत्र. परवा तुम्ही फोनवर विचारलं होतं, "टीव्हीचं काम कायले सोडलं वो?" मागून रुपीबाईंनीच उत्तर दिलं, की तिचा स्वभाव तसाच हाय. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगते.

मामा, माझी कारकीर्द तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती बरीचशी तुमच्याच गाडीतून, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून झाली. शाळेत कबड्डीचा संघ भरला होता म्हणून मला फुटबॉलमध्ये टाकलं. सरांनी विचारलं, धावता येतं का. मी म्हटलं, आमच्या वावरातल्या रोह्यांना विचारा. (सोयाबीनमधून रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप हाकलणाऱ्या पोरीला उजव्या बाजूनं धावायला वेगळं शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की रोही अंगावर येत नाही आणि रेफरीला शिव्या देत नाही.) पुढे जिल्हा, विदर्भ, राज्य, मग देशाच्या शिबिरात दोनदा बोलावणं आणि दोन्ही वेळा "पुढच्या वेळी नक्की". बारा वर्षं मी खेळले. दूरदूरच्या राज्यांतल्या धिप्पाड बचावपटूंनी माझे पाय तोडायचा मनापासून प्रयत्न केला, पण कुणाला जमलं नाही. ते काम शेवटी आपल्याच जिल्ह्यात झालं.

त्या दिवशी तुम्ही पुसदला लग्नात होता म्हणून वाचलात, नाहीतर तुमच्या डोळ्यांदेखत झालं असतं. इथल्या एका क्रीडा मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. नुसता सत्कार फिका वाटतो म्हणून आधी सामना: आम्ही मुली विरुद्ध मान्यवर संघ. मान्यवर संघात मंडळाचे पदाधिकारी, दोन कंत्राटदार आणि कपाळाला टिळा लावून आलेले मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब. भाऊसाहेबांचं वजन राजकारणातही आहे, पण त्या दिवशी मला खरं वजन कळलं. मी चेंडू घेऊन निघाले, फोटोवाल्यानं "भाऊसाहेब, इकडे" अशी हाक मारली, भाऊसाहेब फोटोकडे वळले आणि वळता वळता माझ्या गुडघ्यावर बसले. मामा, मी गुडघ्याचा आवाज ऐकला. मग दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भाऊसाहेबांचं भाषण, त्यात खेळाडूनं दुखापतीला घाबरू नये असा संदेश होता. त्या फोटोत मी रडते आहे. पेपरात खाली छापलं होतं, "सत्काराने भारावलेली खेळाडू".

ऑपरेशन झालं, आठ महिने गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, पळायचं विसरा. चालायला कुणाला शिकायचं होतं, मामा?

अशात गेल्या महिन्यात इथं राज्याची महिला स्पर्धा भरली. भरवणारं पुन्हा तेच मंडळ, अध्यक्ष तेच. पुण्याहून एक क्रीडा वाहिनी सामने थेट दाखवायला आली आणि त्यांना समालोचनासाठी एक माजी खेळाडू हवी होती, शक्यतो स्थानिक, म्हणजे राहण्याचा खर्च नको. मी गेले. खोलीवर बसून शेजारणींची कीव ऐकण्यापेक्षा बरं.

समालोचनाची जागा म्हणजे मांडववाल्यानं बांबू-फळ्या ठोकून मैदानाच्या कडेला उभारलेलं मचाण. शिडीनं वर चढायचं. (एक पाय ताठ ठेवून शिडी कशी चढतात ते मी सरावानं शिकले. खाली दोन मुली कायम झेलायला उभ्या असत.) वर गेल्यावर मला वावरातच आल्यासारखं वाटलं, फक्त हातात गोफण नव्हती, आणि ती नसल्याचं दुःख मला पुढचे आठ दिवस झालं. कारण शेजारी मंदार होता.

मंदार हा मुख्य समालोचक. गोरापान, आवाज तुपात तळलेला, आणि आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. तो मूळचा क्रिकेटचा, त्यामुळे कॉर्नर मिळाला की "आता महत्त्वाचं षटक" म्हणायचा आणि मग खोकून सावरायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला थेट प्रक्षेपणात विचारलं, की घर सांभाळून फुटबॉल कसं जमवलंत. मी म्हटलं, घर भाऊ सांभाळायचा, मी गेले खेळायला. मंदार लगेच हवामानावर बोलू लागला. मग माझ्या कानात निर्मातीबाई बोलल्या. सुमेधा त्यांचं नाव. खाली गाडीत बसून त्या आम्हाला कानातल्या यंत्रातून सूचना द्यायच्या. बाई हुशार, कामाला वाघ, पण भाषेच्या बाबतीत त्यांना सोवळं फार. मी एकदा तोंडातून "पास कायले नाई देला" असं काढलं, तर त्यांनी कानात असा श्वास सोडला की जणू मी मैदानावर थुंकले. दुसऱ्या दिवशी मला विशेषणांचा कागद मिळाला. चपळ, जिद्दी, लढवय्यी, आणि खाली दोन रेघा मारून: रणरागिणी. दर सामन्यात हा शब्द तीनदा तरी यावा, अशी वाहिनीची अपेक्षा. मुलांच्या फुटबॉलमध्ये चुकीचा पास दिला तर त्याला चुकीचा पास म्हणतात. मुलीनं दिला तर तिची जिद्द वाखाणतात. तिला पास द्यायचा होता, मामा, जिद्द दाखवायची नव्हती. पण हे मी मनात म्हटलं आणि कागदातलं विशेषण वाचलं. आठ दिवस वाचलं. माझीच मला किळस आली, पण दुसऱ्या दिवशी पावडर लावून पुन्हा मचाणावर चढायचेच.

आणि भोंगे. वाहिनीचं समालोचन टीव्हीवर जातं, मैदानावर नाही. पण भाऊसाहेबांचं म्हणणं पडलं, की आमचं नाव घेतलेलं इथल्या लोकांनाही ऐकू आलं पाहिजे. सुमेधाबाईंनी समजावलं, की आवाज घुमतो, खेळाडूंचं लक्ष जातं. कोण ऐकतो? मंडळाच्या माणसानं तार ओढून समालोचन चारही भोंग्यांना जोडलं. त्यामुळे मंदारनं दर दहा मिनिटांनी भाऊसाहेबांचे आभार मानले की पार बसस्थानकापर्यंत ऐकू जायचे.

आता अंतिम सामन्याचं सांगते. आपला यवतमाळचा संघ अंतिम फेरीत, गर्दी तुडुंब. गोलमध्ये वैष्णवी, झरी जामणीकडची पोर. आईबाप जंगलात तेंदूपत्ता तोडतात, ही सतरा वर्षांची, हाताचे पंजे सुपासारखे. मी तिला दोन वर्षं सराव दिला आहे. ती गोलमध्ये उभी राहिली की सारखी डाव्या-उजव्या खांबाला हात लावून जागा पक्की करते, ही तिची सवय. उत्तरार्धात वीस मिनिटं राहिली असताना समोरची मुलगी आणि ती एकाच चेंडूवर झेपावल्या. वैष्णवीचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. ती पडली आणि थोड्या वेळानं उठली. डॉक्टरांचं टेबल रिकामं होतं. प्रशिक्षकांनी पाणी मारलं, अंगठा दाखवला, तिनंही दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंदारला तर भरून आलं. काय ही जिद्द, म्हणाला, आणि मला कोपर मारलं. कोपर म्हणजे माझी पाळी. रणरागिणी म्हणायची वेळ झाली होती.

मी खाली पाहत होते. वैष्णवी खांबाला हात लावायला गेली आणि तिचा हात हवेत फिरला. खांब वीतभर पलीकडे होता. पुन्हा हात केला, पुन्हा हवेत. मग ती जाळीकडे तोंड करून उभी राहिली. खेळ मागे चालू, आणि ही जाळीकडे बघतेय. आणखी एक चेंडू डोक्याला लागला तर काय होतं ते मी शिबिरात शिकले आहे. तिथं एका मुलीचं झालेलंही पाहिलं आहे. मी माइक धरला आणि माझी सगळी प्रमाण भाषा कुठं गेली देव जाणे.

"रेफरीसाहेब, खेळ थांबवा. त्या पोरीले दिसून नाही राह्यलं. वैष्णवी, खाली बस माय, हालू नको. डाक्टर कोठी हाय? मान्यवरांच्या मांडवात पाहा, जेवून राह्यला असंन."

चार भोंग्यांतून गेलं ते. रेफरीनं शिट्टी मारली. वैष्णवी माझा आवाज ओळखून जागीच खाली बसली. आणि साऱ्या मैदानानं वळून मान्यवरांच्या मांडवाकडे पाहिलं, तर डॉक्टर खरंच हातात गुलाबजामची वाटी घेऊन उभे. (मी अंदाजानं बोलले होते. या जिल्ह्यात असा अंदाज चुकत नाही.) ते धावत आले, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि लगेच गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं.

बदली गोलकीपरच्या पायांमधून शेवटच्या मिनिटाला चेंडू गेला. यवतमाळ एक शून्यनं हरलं. मग काय विचारता. जी गर्दी मघाशी टाळ्या वाजवत होती तिला आता कळलं, की पोरगी चांगली उभी होती, त्या टीव्हीवालीनं काढायला लावली. आणि शिडीवरून भाऊसाहेब वर आले. मचाण एका बाजूला कललं. मंदार बांबू धरून बसला. भाऊसाहेब मला म्हणाले, "भर मैदानात आमची इज्जत काढून राह्यली. तुले माइक कोनं देला?"

मी म्हटलं, "तुमीच देला, भाऊसाहेब. माह्या गुडघ्यावर बसले नसते तं मी आज खाली खेळत असती."

माइक चालूच होता. ते आम्हाला दोघांनाही खालच्या हसण्यावरून कळलं.

झालं. संध्याकाळी वाहिनीच्या एका साहेबांचा निरोप आला, की तुमची शैली आमच्या प्रेक्षकवर्गाला अनुरूप नाही. मंदारनं हात मिळवला आणि मला आयुष्यात शांत राहायचा सल्ला दिला. मी पावडर पुसली आणि खोलीवर आले. तेव्हा मामा, सोडलं कायले, तर असं. आणि वाईट काही झालं नाही. ज्या धंद्यात न खेळलेला माणूस खेळलेल्या बाईला खेळ समजावतो आणि डोकं फुटलं तरी विशेषण शोधतो, तो धंदा गेला तर गेला. खेळाडूंसाठी राखीव जागेवर लिपिक म्हणून नेमणूक झाल्याचा माझा कागद आलाच आहे. सोमवारपर्यंत रुजू व्हायचं. टेबल, खुर्ची, पंखा, निवृत्तीपर्यंत कुणी अंगावर पडणार नाही. बाबा गावभर पेढे वाटून बसले आहेत. तेव्हा तुम्हीही निर्धास्त असा. मामींना नमस्कार, रुपीबाईंनाही, त्यांनी विचारल्यास.

तुमची,
प्रियंका

ता. क. वैष्णवी बरी आहे. दोन दिवस दवाखान्यात ठेवली, आता घरी. तिला सामन्यातलं काही आठवत नाही. आपण जिंकलो का, असं मला विचारत होती. मी हो म्हटलं. नंतर कुणीतरी खरं सांगितलं, तेव्हा फोन करून तिनं मला अर्धा तास झापलं. म्हणजे डोकं ठीक आहे.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार तोच सुमेधाबाईंचा फोन आला. माझं ते बोलणं कुणीतरी मोबाइलवर पसरवलं आणि म्हणे दोन लाख लोकांनी पाहिलं. त्यामुळे वाहिनीच्या साहेबांना माझी शैली अचानक अनुरूप वाटू लागली आहे. पूर्ण हंगामासाठी पुण्याला या म्हणतात. इतकी लाचार माणसं मी फक्त निवडणुकीत पाहिली आहेत. बाईंनी मात्र एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी मी बोलू लागले तेव्हा माझा माइक बंद करा असा साहेबांचा हुकूम आला होता, आणि बाईंनी बटणावरचा हात उचलला नाही, पण बटण दाबलंही नाही. मी विचार करून सांगते म्हटलं.

ता. क. ३. विचार झाला. मी हो म्हटलं आहे. रविवारच्या गाडीनं जाते. विशेषणांचा कागद मिळणार नाही एवढी एकच अट घातली आणि बाईंनी ती लिहून दिली. सोमवारी मी कार्यालयात नसेन, आणि हे बाबांना माहीत नाही. मामा, हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते, म्हणजे वेळेत मिळेल; रविवारी सकाळी तुम्ही महागावला आमच्या घरी जा. तुमच्यासमोर ते ओरडत नाहीत, साळ्याचा मान ठेवतात. टेबल-खुर्चीचं मी वर जे लिहिलं ते त्यांना वाचून दाखवू नका, कारण ते पटण्यासारखं आहे.

ता. क. ४. आणि एक विचारून ठेवा. बारा वर्षांत बाबा एकदाही मैदानावर आले नाहीत. पण अंतिम सामना टीव्हीवर होता आणि त्या दिवशी घरी लाइट होती, हे मी भावाकडून, गोपालकडून, काढून घेतलं आहे. त्यांनी पाहिला का, एवढंच. पाहिला म्हणाले तर कळवा. नाही म्हणाले, तरी पाहिला असंच कळवा.