गळ्यावरचा भोवरा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायचाही संकोच वाटतो. तरी आज लिहायला बसले आहे. तुम्ही पेन्शनीत निघालात त्या वर्षी मद्रासच्या तुमच्या वकील मित्राने शर्यतीतून काढलेला घोडा तुमच्या माथी मारला. माथी मारला हे माझं म्हणणं. तुम्ही ‘प्रेमाने दिला’ म्हणायचात. मला तेव्हाच शंका आली. जो माणूस आपल्याकडे जेवायला येऊन परत कधी जेवायला बोलावत नाही, तो फुकट घोडा कसा देतो? पुढचा डावा पाय सुजलेला, पाठीची हाडं वर आलेली. पण आपले पूर्वज घोडदळातून या तमिळ मुलखात आलेले आणि आपण मात्र तीन पिढ्या खंडेनवमीला मातीचा घोडा पुजतो, हे तुम्हाला सलत होतं. घोड्यावर बसता घरात कुणालाच येत नव्हतं, तुम्हालाही नाही. त्या नवमीला तुम्ही खऱ्या घोड्याच्या कपाळाला कुंकू लावलंत आणि तुमचे डोळे भरून आले. मी बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवणारी, दारात उभी राहून बघत होते. मला ती नोकरी लागली तेव्हा तुम्ही ‘बरं’ एवढंच म्हणाला होतात.

मग रोज पहाटे तुम्ही स्वतः चुलीवर घोड्यासाठी हुलगे शिजवायला लागलात. जन्मात कधी स्वयंपाकघरात न आलेला माणूस भांडं खाली उतरवून हुलगे बोटाने दाबून बघतो आहे, हे मला खरंच वाटेना. मी त्या घोड्याकडे चोराकडे बघावं तशी बघायचे. एकदा राजवाड्याच्या कोपऱ्यावरचा जटकेवाला पाहुण्यांना सोडायला आला. घोड्याच्या गळ्याकडे निरखून बघत तो ‘सुळी’ म्हणाला आणि टांगा वळवून गेला. सुळी म्हणजे अंगावरच्या केसांचा भोवरा, इथे तो बघितल्याशिवाय कुणी घोडाबैल घेत नाही. हा भोवरा चांगला की वाईट, हे मी त्याला विचारलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, तेवढं मला पुरे होतं.

पुढच्याच आठवड्यात आईला विषमज्वर झाला. बाराव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा मी तुमच्या कपाटातली घोड्यांच्या लक्षणांची पोथी काढली. पोथी मोडीत होती आणि मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. एका पानावर घोड्याचं चित्र होतं, त्याच्या गळ्यावर वेटोळं काढलेलं. ते पान धरून मी आईला सांगितलं की इथे लिहिलंय, गळ्यावरचा भोवरा घरच्या बाईला खातो. आई म्हणाली, “घोडा घरांत नको.” तेवढ्यात तुम्ही आत आलात. माझ्या हातातून पोथी घेतलीत आणि तेच पान वाचलंत. तुमचे ओठ हलत होते. मी आता पकडली जाणार म्हणून उभी होते. तुम्ही पोथी मिटलीत आणि म्हणालात, “असेल. पाठवितों मद्रासेस.” भोवरा खरंच वाईट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही लपवलं होतं, असाच मी त्याचा अर्थ लावला. तुमच्या मागे पुष्कळ वर्षांनी एका मोडी जाणणाऱ्याकडून मी ते पान वाचून घेतलं. गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो ज्या घरी असेल त्या घराचं कल्याण होतं, असं तिथे लिहिलं होतं. आजारी आईसमोर तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत.

घोडा मद्रासला गेला, आई बरी झाली आणि त्याचं श्रेय मी घेतलं. मग तुमचे रविवार सुरू झाले. अंघोळ, नेसायला स्वच्छ वेष्टी, पिशवीत गुळाचा खडा, आणि पापनाशमची सकाळची बस. विचारलं तर म्हणायचात, एका आजारी माणसाला बघून येतों. पापनाशमला आपलं कुणी नव्हतं. माझ्या मनात नको ते यायला लागलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पेन्शनीचा माणूस, जाऊं दे की. मला आईचाही संशय आला. शेवटी एका रविवारी मी तुमच्या मागच्या बसने निघाले.

कालव्याच्या काठाने विचारत विचारत मी जाते आहे. नारळाच्या बागेपलीकडे तुम्ही वेष्टी खोचून गुडघाभर पाण्यात उभे आहात आणि आपला घोडा तुमच्या खांद्यावर मान टाकून उभा आहे. तुम्ही त्याचा डावा पाय चोळता आहात आणि बोलता आहात, आपल्या मराठीत. त्या बिचाऱ्याने जन्मभर तमिळ नाहीतर इंग्रजी ऐकलेली. आईला आता भूक लागते, तुमचे गुडघे धरतात, यंदा कालव्याला पाणी उशिरा सुटलं. बावीस वर्षांत माझ्याशी बोलला नसाल इतकं तुम्ही त्या अर्ध्या तासात बोललात. मग गूळ देता देता म्हणालात, “रागावूं नकोस हो. आमची पोर वाईट नाहीं. भित्री आहे, इतकेंच.”

मी तशीच परतले. रात्री रसम वाढताना विचारलं, आजारी माणूस कसा आहे? तुम्ही म्हणालात, बरा आहे, पाय तेवढा दुखतो. पुढे सहा वर्षं तुम्ही जात राहिलात आणि मी दर रविवारी तेच विचारत राहिले. एका रविवारी तुम्ही वेष्टी बदललीच नाहीत, तेव्हा आजारी माणूस गेला हे मी ओळखलं आणि विचारलं नाही. त्या दिवशी तुमच्याजवळ येऊन बसायला हवं होतं मी.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी ते टाकलं नसतं. अप्पा, मला त्या घोड्याची भीती कधीच वाटली नाही. मला त्याचा हेवा वाटत होता. तुम्ही मला भित्री समजून माफ केलंत, आणि मी ती माफी मुकाट्याने घेतली.