दुसऱ्यांदा वाजलेला पाय

आबा, मी आता लोकांना वजन निवडून देतो. हसू नका. शिक्रापूरच्या पुढे हायवेलगत एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बोलिंगचा हॉल आहे, तिथे मी कामाला आहे. लांबच लांब लाकडी पट्ट्या असतात, त्यांना लेन म्हणतात. आमच्याकडे तशा चार आहेत. टोकाला बाटलीच्या आकाराच्या दहा पिना उभ्या असतात आणि माणसाने बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. बॉल सहा पौंडांपासून सोळा पौंडांपर्यंत. सोळा म्हणजे साधारण सव्वासात किलो. तुम्ही पन्नास किलोची गोणी पाठीवर घ्यायचात, तुम्हाला हा पोरखेळ वाटला असता. पण तीन बोटांवर टांगलेलं सव्वासात किलो वेगळं असतं, आणि कोणाला किती पेलेल हे ओळखणं हेच माझं काम. हे काम करताना मला रोज एक गोष्ट आठवते आणि ती आता तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दौंडच्या मालधक्क्यावर त्या दिवशी फळीवर दुसऱ्यांदा पाय कोणी वाजवला, ही ती गोष्ट. अकरा वर्षांत मी ती कोणालाही सांगितलेली नाही.

हॉलच्या भिंतीवर मालकांनी तक्ता लावला आहे. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका बॉल घ्यावा, असं त्यात लिहिलं आहे. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी पेनाने नीट केल्या. पण मी तक्त्यावर विसंबत नाही. माणसाच्या हातात बॉल देतो, हात खाली मोकळा सोडायला सांगतो आणि मनात दहा मोजतो. खांदा एका बाजूला कलला तर जड. मनगट मागे वळलं तर जड. अंगठा बॉलच्या भोकातून सहज सुटायला हवा, बॉल आवळून धरावा लागला तरी जडच. आणि आठव्या-नवव्या आकड्याला काही जणांच्या तोंडावर उगाच एक हसू येतं. ते दिसलं की मी दोन पौंड कमी करतो. कंपनीतली पोरं सुट्टीच्या दिवशी येतात, त्यांना हे पटत नाही.

“ए भावा, दहाचा देतोस मला? मी काय बालवाडीत हाय व्हय?”

“दहा मोजेपर्यंत धरा, मग बोला.”

“ह्याला आमच्या क्वालिटीला घ्या रे. एक माल पास करायचा न्हाई गडी!”

माझ्यासोबत बिहारचा एक जण कामाला आहे. तो त्यांना सांगतो, “भैया, हाथ दिखा लो, ये कुंडली भी बता देगा.”

हे थांबणं मी तुमच्याकडून उचललं. नववी सोडून मी धक्क्यावर आलो, तेव्हा पहिला महिनाभर तुम्ही मला पाठीवर काही घेऊ दिलं नाही. वॅगनच्या दारात उभं राहून गोणी उचलून दुसऱ्याच्या पाठीवर द्यायची, एवढंच माझं काम. दोघांनी दोन टोकं धरायची, खाली फळीवर हमाल पाठ वाकवून उभा. त्याने पाय एकदा वाजवला की तो आला, उभा राहिला. मग तो श्वास घेणार, टाचा रोवणार, आणि तयार झाला की दुसऱ्यांदा पाय वाजवणार. तोवर गोणी सोडायची नाही. तोंडाने कोणी बोलत नसे, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. एकदा एका मामांच्या पाठीवर मी पहिल्याच पायाला गोणी सोडली. ते सावरले. तुम्ही फळीवरून वर चढून आलात आणि सगळ्यांसमोर पोटच्या पोराचा कान धरलात.

“वजन त्याचं, तर पाय बी त्याचाच. तू कोन ठरवणार रं, त्याला कवा पेलतंय ते?”

त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमचा जुना कमरपट्टा दिलात. मऊ पडलेला, घामाने काळा झालेला. रागावल्याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी खताची वॅगन होती. दुपारचे दोन वाजले असतील. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. तुमची पाळी आली. तुम्ही वाकलात आणि पाय एकदा वाजवलात. मग थांबलात. नेहमीपेक्षा जास्त थांबलात. माझे हात घामाने निसटत होते, खताने बोटं चरचरत होती आणि समोरचा गडी माझ्याकडे बघत होता, की आता काय. माझा एक पाय फळीच्या टोकावर असायचा. मी तो उचलला आणि वाजवला.

समोरच्याने सोडली. मीही सोडली. तुम्ही मान थोडी वर केलीत, पण वळून पाहिलं नाहीत. सात पावलं चालून गोणी थप्पीवर नीट रचलीत, तिचा कोपरा सरळ केलात आणि तिथेच खाली बसलात, ते पुन्हा उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले की हृदय आधीपासूनच खराब होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. समोरच्या गड्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “पाय दोनदा वाजला व्हता ना रं? म्या ऐकला.” मी म्हणालो, “व्हय.”

आता हॉलचं सांगतो. दुपारी गर्दी नसते. हॉलला खिडक्या नाहीत, दिवे विझवले की पिनांवरचा एकच निळा दिवा उरतो. पावसाळ्यापासून तीन नंबरच्या लेनवर, जिथे माणूस उभा राहतो त्या लाकडावर, पाय वाजतो. एकदाच. मी आधी मशिनचा पंखा बंद करून पाहिला. मग खालच्या भटारखान्यात जाऊन बसलो. मग हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांच्या वेळा वहीत लिहिल्या. जुळल्या नाहीत. शेवटी बिहारच्या सोबत्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “रोज बजता है. एक बार. मैं तो समझा, आपको पता है.”

मागच्या रविवारी वडगाव रासाईहून एक आप्पा आले. मुलगा इकडच्या कंपनीत, नातवाचा वाढदिवस. भाड्याचे बूट घालताना ते लाजत होते, पण बॉल दिसल्यावर सरळ सोळाच्याकडे गेले.

“आप्पा, आधी अकराचा धरून बघा.”

“जल्मभर उसाच्या मोळ्या वाहिल्या म्या. ह्यो काय, नारळायेवढा.”

“आप्पा, गप अकराचा घ्या,” मुलगा म्हणाला. “पाठ धरली तर घरी आई मला धरंल.”

सगळे हसले. आप्पांनी दोन्ही तळवे पुढे केले. मी सोळाचा त्यांच्या तळव्यांवर ठेवला, पण खालून माझे हात काढले नाहीत. आप्पा तीन नंबरच्या लेनवर उभे होते. त्यांनी उजवा पाय एकदा वाजवला. सवय असेल, ओझं घेणारी माणसं वाजवतात. त्यांच्या ओठांवर ते हसू आलं. मी धरूनच उभा राहिलो. मोबाइल वर झाले. “सोड की रं आता,” ते म्हणाले. माझी बोटं त्या दिवशीसारखीच निसटायला लागली.

आणि पाय दुसऱ्यांदा वाजला.

मी त्यांच्या बुटांकडेच बघत होतो. दोन्ही जागेवर होते, लाल नाड्यासुद्धा हलल्या नाहीत. मी बॉल उचलून परत रॅकवर ठेवला आणि त्यांच्या हातात अकराचा दिला. ते रागावले, मग खेळले, एकदा सहा पिनाही पाडल्या. जाताना बूट परत देत हळूच म्हणाले, “दोनदा वाजलं, तरी सोडलं न्हाईस. दुसरा म्या न्हाई वाजवला. तूच वाजवलास न्हवं?”

मी म्हणालो, “व्हय.” मी वाजवला होता की नाही, हे मला माहीत नाही, आबा. पण माझी उजवी टाच झिणझिणत होती आणि अजूनही झिणझिणते.

हे मी हॉलमध्येच बसून लिहिलं आणि इथेच ठेवणार आहे, शिल्लक बुटांच्या खोक्यात. घरी नेता येत नाही, कारण आई आता वाचायला शिकली आहे, माझी वह्यापुस्तकं उघडून एकेक अक्षर लावत बसते. तुमचा विषय निघाला की ती अजून विचारते, त्यांनी पाय नीट वाजवला होता का, दोनदा. मी सांगतो, दोनदा वाजला. एवढं खरं आहे, म्हणून तिच्याकडे बघून सांगता येतं. त्यांनी वाजवला, असं मात्र मी एकदाही म्हणालेलो नाही, आणि मी ते म्हणत नाही, हे परवा तिच्या लक्षात आलंय.