शकुच्या मापाची सायकल

बोरीवली

ती. लवूदादास,

शकुचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावते म्हणून सांगू नकोस, डॉक्टरकडे गेलास का ते सांग. आम्ही इकडे मजेत. (कसली मजा ते पुढे वाच.)

आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पुढच्या महिन्यात सायकलवरून नॅशनल पार्कात जायचं ठरवलंय आणि यादीत पहिलं नाव कुणाचं? माझं! साठीला दोनच वर्षं राहिली म्हणून काय झालं? तर आता सायकल हवी. श्वेता (माझीच लेक, पण मला शिकवते) म्हणाली, आई, रंग बघून घेऊ नकोस, फ्रेमची जॉमेट्री बघ. झालं, मी हात धुऊन मागे लागले. पेडल फिरतं तिथपासून हँडलची नळी किती उंच तो स्टॅक, किती पुढे तो रीच. चार सायकलींचे आकडे वहीत उतरवले. मग माझं माप. पायांत श्वेताचं बारावीचं गणिताचं पुस्तक धरून मी भिंतीला टेकून उभी, आमचे हे पडद्याची टेप घेऊन खाली बसलेले, आणि तेवढ्यात शेजारची क्षमा वाटी परत द्यायला आली. वाटी घेऊनच परत गेली बिचारी! निष्पन्न काय, तर माझे पाय आखूड आणि हात लांब. (आईकडून आलंय. तुझंही तसंच आहे, हसू नकोस.)

दुकानात चार खेपा झाल्या. पहिलीचा रीच एवढा, की मी तिच्यावर घोरपडीसारखी पसरले असते. दुसरीचा स्टॅक कमी. तिसरीच्या पुढच्या नळीचा कोन इतका उभा, की शिंकलं तरी हँडल वळेल. दुकानदार दर वेळी म्हणायचा, "काकी, एक चक्कर मारून तर बघा ना!" मी म्हणायचे, आधी आकडे! काल मात्र वाट लागली. चौथी सगळ्या आकड्यांत चोख बसली, शोधूनही खोट सापडेना. निळी आहे, झकास आहे, आणि यांनी ती घरी आणलीसुद्धा. दादा, इतका आनंद झालाय म्हणून सांगू! सकाळपासून दोनदा पुसली.

तुझी,
शकु

ता. क. पन्नास वर्षांपूर्वी भांडुपला मला शिकवताना तू न सांगता सीट सोडलीस आणि मी द्रौपदी कोळणीच्या बोंबलांच्या पाटीत जाऊन पडले, त्यानंतर मी सायकलवर बसलेले नाही. हे इथे कुणालाच ठाऊक नाही, यांनाही नाही. (म्हणून तर फोन न करता पत्र.) शनिवारी सकाळी सहाला ये आणि मागून सीट धर. पळावं लागेल, गुडघ्याचं विचारलं ते त्यासाठीच. या वेळी सोडलीस तर बघ!

ता. क. २ : जरा पुढे गेल्यावर सोड. फक्त मला सांगू नकोस.